अनेक खेळांसाठी कृत्रिम टर्फचे मैदान आखताना

एकाच टर्फवर सगळे खेळ सारखेच उत्तम खेळता येतील, ही अपेक्षा आराखडा हाती घेण्यापूर्वीच सोडून द्यावी. आठवड्यातील सर्वाधिक तास कोणता खेळ चालणार आहे हे आधी ठरवावे आणि त्यालाच मुख्य मानून टर्फच्या कृत्रिम गवताच्या पात्यांची उंची निवडावी, कारण टर्फ अंथरल्यावर ती बदलता येत नाही.

फुटबॉलसाठी साधारणतः ४० ते ६० मिलिमीटर उंचीची पाती घेतात आणि त्यांच्यात वाळू व रबराचे कण भरतात; बुटाच्या तळाचे खुंटीसारखे स्टड या भरावात रुततात, म्हणून वळताना पाय घसरत नाही. रग्बीलाही लांब पातीच चालतात, मात्र तेथे खेळाडू जोरात आपटत असल्याने वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमानुसार डोक्याच्या सुरक्षेची चाचणी १.३ मीटर उंचीवरून पडण्यासाठी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि त्यासाठी बहुधा टर्फखाली गादी घालणे भाग पडते. ही जोडी जमते. खरी अडचण हॉकीची आहे. तिचा लहान, टणक चेंडू लांब पात्यांत गती हरवतो आणि उड्या घेतो, तर हॉकीला मानवणाऱ्या आखूड, दाट पात्यांवर फुटबॉल थांबता थांबत नाही. वाळू भरलेले आखूड टर्फ सरावापुरते दोघांना चालवून घेता येते. स्पर्धा भरवायच्या असतील, तर माझ्या मते हॉकीचे मैदान वेगळेच असावे.

मापांचा मेळ त्यामानाने सोपा आहे. १०५ × ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानात ९१.४० × ५५ मीटरचे हॉकीचे मैदान मधोमध बसवले, तर टोकांना ६.८ आणि बाजूंना ६.५ मीटर जागा उरते. मुख्य खेळाच्या रेषा पांढऱ्या आणि टर्फमध्येच विणलेल्या असाव्यात. इतर रेषांना फिकट रंग द्यावा, अन्यथा पंच आणि खेळाडू दोघेही गोंधळतात.

पैसा वाचवायचाच असेल, तर तो मैदानाच्या पायाभरणीत वाचवू नये. खडीचा थर नीट दाबून, पाणी निचरून जाईल असा सुमारे १ टक्क्यापर्यंतचा उतार द्यावा. त्यावर ३ मीटरची सरळ पट्टी ठेवून पाहावी आणि खाली १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसल्यास टर्फ अंथरण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी. टर्फ बसल्यावर फुटबॉल २ मीटरवरून सोडावा: फिफाच्या वरच्या दर्जासाठी तो ६० ते ८५ सेंटीमीटर उसळावा लागतो.

भरावाचा निर्णयही लांबणीवर टाकू नये. युरोपीय संघात सूक्ष्म प्लास्टिक मानल्या जाणाऱ्या, म्हणजे रबराच्या कणांसारख्या, भरावाची विक्री ऑक्टोबर २०३१ नंतर बंद होणार आहे, शिवाय काळे रबर उन्हात फार तापते. बुचाचा भुसा तुलनेने थंड राहतो, पण हलका असल्याने मुसळधार पावसात तरंगून वाहून जातो. म्हणून तो निवडल्यास कडेने अडसर बांधावा. पेनल्टीच्या ठिकाणचा भराव सर्वांत आधी कमी होतो आणि तो वारंवार भरून ब्रशने पसरावा लागतो, तेव्हा ब्रश ओढणारा छोटा ट्रॅक्टर आत येईल इतके फाटक रुंद ठेवावे. हे नकाशात हमखास राहून जाते.