घरच्या घरी जलतरंग कसं जुळवावं

जलतरंग म्हणजे पाणी भरलेले बाऊल काड्यांनी वाजवायचं वाद्य. त्याचं निम्मं काम दुकानातच होतं. नागपूरच्या इतवारी बाजारात चिनी मातीचे बाऊल घ्यायला गेलात की नक्षीकडे पाहू नका. बाऊल तळहातावर ठेवून काठाला नखाने टिचकी मारा. नाद स्वच्छ निघून थोडा रेंगाळला तर घ्या. बद्द वाजला तर कुठेतरी बारीक तडा असतो, तो परत ठेवा.

पाणी भरलं की सूर उतरतो, चढत कधीच नाही. पाण्याचं ओझं काठाची थरथर संथ करतं. (बाटलीत फुंकर मारून वाजवलं तर उलट होतं, कारण तिथे पाण्याने आतली हवा आखूड होते.) म्हणून रिकामा बाऊल हव्या त्या स्वरापेक्षा थोडा चढाच लागतो. सुरुवातीला पूर्ण सप्तक नको, पाच स्वरांचा भूप राग घ्या: सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा. उतरत्या मापाचे सहा बाऊल पुरतात.

जाड सतरंजीवर ते अर्धगोलात मांडा, सर्वांत मोठा डाव्या हाताला. एकमेकांना टेकू देऊ नका. वाजवायला बांबूच्या दोन हलक्या काड्या.

आता मोबाईलवर तानपुरा लावा. मोठा बाऊल रिकामा जिथे वाजतो, त्याच्या किंचित खाली सा धरा आणि पाणी ओता. तळाशी बरंच ओतलं तरी सूर फारसा हलत नाही; काठ जवळ आला की चमचाभर पाण्यानेही झरकन उतरतो. म्हणून आधी पेला, मग चमचा आणि शेवटी सुई काढलेली सिरिंज. थेंब थेंब सोडा. सूर जवळ आला की बाऊल आणि तानपुऱ्याच्या नादात वाँव-वाँव अशी लहर ऐकू येते. ती मंदावत जाते, आणि एका थेंबाला थांबते. तिथे हात आवरा. जास्त उतरलाच तर सिरिंजनेच पाणी ओढून घ्या. मग रे, ग करत उजवीकडे जा.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, सकाळी जुळवलेला सूर संध्याकाळपर्यंत चढलेला असतो, कारण पाणी उडून जातं. कूलरचा झोत बाऊलांवर येऊ देऊ नका, त्याने पाणीही हिंदकळतं. दिवेलागणीला कूलर पाच मिनिटं बंद करा, प्रत्येक बाऊलात हवे तेवढे थेंब घाला आणि भूप छेडा.