नामिबिया कुठे गेला?
दोन देश निवडले की व्हिसा लागतो का ते सांगणारं टूल मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं. सगळं नीट चालायचं, फक्त नामिबिया निवडला की उत्तर कोरं. वाटलं, माहितीच अपुरी असेल. पण माहितीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) उघडली तर ओळी जागच्या जागी! नामिबियाचा दोन अक्षरी आयएसओ कोड, म्हणजे देशाचं आंतरराष्ट्रीय लघुरूप, 'एनए' (NA) आहे, आणि तक्ते हाताळणारी पायथॉनची पांडाज लायब्ररी फाइल वाचताना 'एनए' म्हणजे रिकामी जागा असं धरते. पांडाजची ही सवय ठरवणारं 'कीप_डिफॉल्ट_एनए' हे सेटिंग फॉल्स, म्हणजे बंद, केलं आणि नामिबिया परत आला. मात्र आता खरोखर रिकाम्या रकान्यांत कोरी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) येते, ती वेगळी तपासावी लागते. कोरं उत्तर कुणी 'व्हिसा नको' असं वाचलं, तर त्याला विमानतळावरूनच मागे फिरावं लागेल. म्हणून माहिती नसेल तिथे टूल आता तसं स्पष्ट लिहितं.