महिला क्रिकेटची मॅच मैदानात बसून कशी बघावी : चला नेरूळला

२ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीत कौरच्या भारतीय संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि विश्वचषक जिंकला, तो नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. त्या रात्री ‘पुढच्या वेळी आपणही जाऊ’ असं ज्या घरांत ठरलं, त्यांच्यासाठी हा लेख.

मॅच निवडा. पहिल्यांदा जाताय, मुलंही बरोबर आहेत, तर टी-ट्वेन्टी घ्या. साडेतीन तासांत खेळ आटोपतो. महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली ती याच मैदानावर आणि मुंबईच्या ब्रेबॉर्नवर. फायनलच्या तिकिटामागे धावू नका. साखळीतली, आठवड्याच्या मधली मॅच घ्या. गर्दी कमी आणि जागा मनासारखी. कसोटी लागली तर मात्र रजा टाका. महिलांची कसोटी चार दिवसांची असते, तीही वर्षातून जेमतेम एखादी वाट्याला येते. डिसेंबर २०२३ मध्ये इथेच भारताने इंग्लंडला ३४७ धावांनी हरवलं, तेही तिसऱ्याच दिवशी.

जागा. इथे घाई करू नका, नकाशा नीट बघा. साइट स्क्रीनच्या (गोलंदाजाच्या मागे सीमारेषेबाहेर लावलेल्या मोठ्या पडद्याच्या) मागे किंवा किंचित बाजूला, वरच्या मजल्यावर बसलात तर चेंडू किती वळतो ते दिसतं, आणि महिला क्रिकेटमध्ये फिरकीला मान मोठा. विश्वचषकाच्या त्या फायनलमध्ये दीप्ती शर्माने ५८ धावा करून वर पाच बळी घेतले, ते ऑफस्पिनवर. वेग अनुभवायचा असेल तर खाली, खेळपट्टीला काटकोनात बसा. दुपारची मॅच असेल तर पश्चिमेकडे तोंड करून बसायची वेळ येणार नाही, एवढं पाहून घ्या.

तिकीट मोबाइलवर असेल तर ते गेटजवळ पोहोचण्याआधीच उघडून ठेवा. गर्दीत नेटवर्क हमखास दगा देतं.

काय न्यावं. टोपी, औषधं, हलका रुमाल, थोडी रोकड. मोठी बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, हेल्मेट हे बहुतेक वेळा गेटवरच अडवतात आणि ठेवायला जागा मिळेलच असं नाही. म्हणून बाइक नकोच. हार्बर लाइनने नेरूळ गाठा. ठाण्याकडच्यांनी ट्रान्स-हार्बरची पनवेल किंवा नेरूळ गाडी पकडावी. स्टेशनवरून रिक्षा मिळते, पण मॅचच्या दिवशी चालणारे बरेचदा आधी पोहोचतात. वडापाव बाहेरच खाऊन घ्या, आतले भाव ऐकून भूक मरते. लहान मुलाच्या हातावर पेनाने आपला फोन नंबर लिहा.

तासभर आधी आत जा. हा तास वाया जात नाही, उलट तोच कमाईचा. दोन्ही संघ सरावाला उतरलेले असतात. कॅचचा सराव, थ्रोची ताकद, थ्रो-डाउनवर (जवळून हाताने फेकलेल्या चेंडूंवर) एखादीने तोच एक फटका पुन्हा पुन्हा घोटणं, हे टीव्हीवर कुणी दाखवत नाही. सही किंवा फोटो हवा असेल तर हीच वेळ. कुंपणाजवळ उभं राहा, खेळाडूला नावाने हाक मारा, आली तर ठीक. सरावात असताना मागे लागू नये, एवढी रीत पाळावी.

आता मॅच. चेंडू पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका, १४० ते १५१ ग्रॅमचा. सीमारेषा थोडी जवळ. सर्कल, म्हणजे फिल्डर किती बाहेर ठेवायचे ते ठरवणारी आतली रेषा, तीसुद्धा लहान, सुमारे २३ मीटर त्रिज्येची. ‘बाउंड्री जवळ आहे म्हणून चौकार जातात’ असं शेजारचा काका म्हणेलच. त्याला कीपरकडे बघायला सांगा. मध्यमगती गोलंदाजीलाही ती अनेकदा स्टंपला चिकटून उभी असते. त्यामुळे बॅटर क्रीज सोडून पुढे यायला कचरते, आणि आलीच तर खरी मजा. दर ओव्हरला एकदा तरी चेंडूवरून नजर काढून फिल्डिंग कशी हलते ते पाहा. सांगलीची स्मृती मानधना खेळत असेल तर पॉइंट आणि कव्हरच्या (ऑफ साइडच्या फिल्डरच्या) जागा आधी बघून ठेवा, मग ती कुठून फट काढते ते.

मैदानात कॉमेंट्री ऐकू येत नाही. प्रीमियर लीगमध्ये वाइड आणि नो-बॉलवरही रिव्ह्यू (पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी) घेता येतो, तेव्हा कॅप्टनने अचानक ‘टी’ची खूण केली तर गोंधळू नका, मोठ्या पडद्याकडे बघा.

परतीचं आधी ठरवा. विश्वचषकाच्या फायनलला पावसामुळे तीनची मॅच पाचला सुरू झाली आणि मध्यरात्रीपर्यंत चालली. म्हणजे शेवटच्या लोकलची वेळ आधी बघणं भाग आहे. सुटल्या सुटल्या रिक्षाला हात करू नका. मुख्य गेटपासून दहा मिनिटं चालत पुढे जा, मग विचारा. गटाने आला असाल तर भेटायची जागा स्टेडियमच्या गेटवर ठेवू नका, नेरूळ स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी ठेवा, आणि परतीचं तिकीट सकाळीच काढून खिशात टाका.