माती परीक्षणाचं जाळं: गटाच्या बैठकीआधीची तयारी

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटापुढे मी पहिल्यांदा रडार आलेख (मध्यातून निघणाऱ्या रेघांवर एकेक आकडा मांडून टोकं जोडलेला आलेख) लावला तेव्हा मागून आवाज आला, "हे काय कोळ्याचं जाळं काढून ठेवलं बाप्पा?" सगळे हसले, मीही हसलो. थोड्या वेळानं एका काकांनी विचारलं, "माह्या वावरात नत्र काहीच नाही का?" त्यावर मात्र हसू आलं नाही. काकांच्या माती परीक्षणाच्या कार्डावर नत्र हेक्टरी १८० किलो होतं, म्हणजे कमी, पण शून्य नक्कीच नाही. पडद्यावर रेघ पार मध्याला टेकली होती आणि काका युरियाच्या दोन गोण्या जास्तीच्या आणायच्या बेतात होते. खोट मातीत नव्हती, मी लिहिलेल्या सेटिंगमध्ये होती. कोणाला आपल्या गावात हे करायचं असेल तर काय काय आधी उरकून ठेवावं ते लिहितो. लायब्ररी, म्हणजे आलेख काढणारा जावास्क्रिप्टचा तयार कोड, चार्ट जेएस आहे. फुकट आहे, मुक्त परवान्याची आहे, आणि तिच्यात रडार हा प्रकार तयारच मिळतो.

सुरुवात कार्डांपासून करा, संगणक नंतर. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. कार्डावर १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सेंद्रिय कर्ब, सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता. कार्ड हातात घेतलं की तारीख बघा. आणि नमुना नेमका कोणत्या वावरातला, हे शेतकऱ्यालाच विचारा. पहिल्या फेऱ्यांत बागायती भागात अडीच हेक्टरच्या आणि कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना घ्यायचे, त्यामुळे दोन एकरवाल्याच्या कार्डावर शेजाऱ्याच्या धुऱ्याकडची (बांधाकडची) माती असू शकते. असं कार्ड असेल तर आलेखाखाली तसं लिहा. त्याच वेळी एककंही तपासून घ्या. आमच्याकडे सगळा हिशेब एकरी चालतो, कार्ड हेक्टरी बोलतं. एकाने मनातल्या मनात अडीचने भागून आकडे लिहून आणले होते आणि ते शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

आकडे भरताना इंग्रजी अंकच टाका. देवनागरीत ०.४५ टाइप केलं तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही, आणि रेघ तिथे तुटते. एखादी तपासणी झालीच नसेल तर जागा नल (कोडमध्ये 'आकडा नाही' अशी खूण) ठेवा, शून्य भरू नका. नल ठेवलं की रेघेत खंड दिसतो आणि माणूस विचारतो, 'इथं काय झालं?' शून्य भरलं तर कोणी विचारत नाही, सरळ खत आणायला निघतात.

आता खरी मेहनत. नत्र १८०, जस्त ०.४५. हे दोन्ही आहेत तसे एका जाळ्यात टाकले तर नत्राचं टोक आभाळात जाईल आणि जस्त, तांबे, बोरॉन मध्यावर एकमेकांना चिकटून बसतील. रडार आलेखात सगळ्या आऱ्यांना (मध्यातून निघणाऱ्या रेघांना) एकच मोजपट्टी असते, तिला किलो कळत नाही आणि पीपीएमही (दहा लाखांत किती भाग) कळत नाही. म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या त्याच्या किमान मर्यादेशी ताडून शेकड्यात आणायचा. नत्राची मर्यादा हेक्टरी २८० किलो, म्हणजे १८० चे झाले ६४. जस्ताची ०.६ पीपीएम, म्हणजे ०.४५ चे झाले ७५. लोहाला ४.५, मंगलला २, तांब्याला ०.२, बोरॉनला ०.५ आणि गंधकाला १० धरा. स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब यांच्या मर्यादा वेगवेगळ्या तक्त्यांत थोड्या वेगळ्या सापडतात, तेव्हा ज्या प्रयोगशाळेचं कार्ड तिचाच तक्ता घ्या, दोन तक्ते मिसळू नका. सगळं झालं की १०० म्हणजे 'पुरेसं', त्याच्या आत कमी, बाहेर भरपूर. एवढं एक वाक्य सांगितलं की बैठकीतल्या आजीलाही जाळं वाचता येतं.

पालाशचं वेगळं प्रकरण आहे. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असतो, शेकड्यात काढलं तर २८०, ३०० सुद्धा येतो. तो तसाच ठेवला तर बाकीचं जाळं सुपारीएवढं होतं. मी २०० वर छाटतो. पण छाटायचं ते आलेखाला देण्याआधी, आकड्यांतच. नुसती मोजपट्टी २०० ला थांबवली तर रेघ कड्याबाहेर निघून नावांवर चढते. खरा आकडा वेगळ्या यादीत जपून ठेवा आणि टूलटिपच्या (टिंबावर माउस नेला की उघडणाऱ्या चौकटीच्या) कॉलबॅकमधून, म्हणजे तिच्यासाठी आपण लिहिलेल्या छोट्या फंक्शनमधून, तोच दाखवा, एककासकट.

सामू आणि वाहकता जाळ्यात घालू नका. यावर माझं आमच्या गटातल्या एका शिक्षकांशी भांडणच झालं. कार्डावर १२ आहेत तर आरे १२ च हवेत, असं त्यांचं म्हणणं. पण नत्र जास्त तितकं बरं असं निदान म्हणता येतं, सामूचं तसं नाही. साडेसहा ते साडेसात चांगला, त्याच्या दोन्ही बाजूंना त्रास. आमचा पट्टा पूर्णेच्या काठचा, खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग. इथे सामू आठाच्या वर जातो. तो जाळ्यात टाकला तर टोक ऐटीत बाहेर डोकावतं आणि माणसाला वाटतं जमीन फार कसदार आहे. हे दोन आकडे आलेखाखाली मोठ्या अक्षरात लिहा. उरले १० आरे.

त्या दहांचा क्रमही एकदा ठरवा आणि मग कोणासाठीच बदलू नका. क्रम बदलला की तेच आकडे वेगळा आकार काढतात, एका काकांचं जाळं गोल आणि दुसऱ्यांचं चांदणीसारखं दिसतं, आणि लोक आकार बघूनच वाद घालतात. मी मुख्य अन्नद्रव्यं एकत्र आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं एकत्र ठेवतो. नत्र आणि सेंद्रिय कर्ब शेजारी आले तर लक्षात असू द्या, काही ठिकाणी उपलब्ध नत्र कर्बावरूनच काढतात, म्हणजे दोन आरे एकच गोष्ट दोनदा सांगत असतात. आणखी एक खोच म्हणजे क्षेत्रफळाची. सगळे आकडे दुप्पट झाले की भरलेला भाग चौपट होतो. म्हणून मी आतला रंग अगदी फिका ठेवतो, नजर रेघेवर राहावी म्हणून.

लायब्ररीची फाइल आधीच उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. ग्रामपंचायतीच्या सभागृहात रेंज असते ती खिडकीपाशी, आणि खिडकीपाशी प्रोजेक्टर लावता येत नाही. फाइल दोनशे केबीच्या आसपासची आहे. तिची यूएमडी आवृत्ती (सगळं एकाच फाइलीत असलेली) घ्या आणि साध्या स्क्रिप्ट टॅगने जोडा, कारण पेनड्राइव्हवरून पान सरळ उघडलं की क्रोम मॉड्यूल पद्धतीची फाइल घेत नाही. यूएमडीमध्ये सगळे भाग नोंदलेलेच असतात. तुम्ही बंडलर (कोडचे तुकडे जोडून एक फाइल करणारं साधन) वापरून मोजकेच भाग आणत असाल तर रडार कंट्रोलर, रेडियल लिनिअर स्केल, पॉइंट, लाइन, फिलर, टूलटिप आणि लेजंड हे सगळे स्वतः नोंदवावे लागतात. एक राहिला तरी चालत नाही.

आवृत्ती बघा. काकांचा युरिया इथेच अडकला होता. मी जुन्या उदाहरणातून सेटिंग उचललं होतं. दुसऱ्या आवृत्तीत मोजपट्टी 'ऑप्शन्स'मध्ये 'स्केल' या नावाखाली असायची आणि कमाल-किमान तिच्या 'टिक्स'मध्ये (मोजपट्टीवरच्या खुणांत). २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून ते 'स्केल्स' आणि त्यात 'आर' असं झालं, कमाल-किमान थेट 'आर'मध्ये, आणि चौथ्या आवृत्तीतही तसंच आहे. जुनं लिहिलं तर लायब्ररी तक्रार करत नाही, गुपचूप दुर्लक्ष करते. मग मोजपट्टी ती स्वतःच ठरवते, आणि रडारमध्ये ती शून्यापासून सुरू होईलच असं नाही. काकांचा सर्वांत लहान आकडा ६४, म्हणून तिने ६० पासून सुरुवात केली, आणि ६४ मध्याला जाऊन टेकला.

म्हणून 'आर'मध्ये 'मिन' ० आणि 'मॅक्स' २०० असं ठाम लिहा. नुसतं 'बिगिन ॲट झिरो' (शून्यापासून सुरू कर) पुरत नाही, कारण त्यानं वरचं टोक माणसागणिक बदलत राहतं आणि दोन शेतकऱ्यांची जाळी शेजारी ठेवून बघण्यात अर्थ उरत नाही. 'सजेस्टेड मॅक्स'ही नको, ती फक्त सूचना असते, मोठा आकडा आला की मोडते. टिक्समध्ये 'स्टेप साइझ' ५०. टिक्सच्या आकड्यांमागे पांढरी चौकट येते ती रेघ झाकते, ती बंद करा. ग्रिडला 'सर्क्युलर' चालू केलं तर कडी गोल होतात. मला कोनाची कडीच बरी वाटतात, आरा कुठे आहे ते चटकन दिसतं. पॉइंट लेबल्सचा मुळातला टाइप लहान असतो, १८ करा. 'सेंद्रिय कर्ब'सारखं लांब नाव दोन तुकड्यांच्या यादीत दिलं की दोन ओळींत बसतं.

शेतकऱ्याच्या आकड्यांसोबत दुसरा डेटासेट (आकड्यांचा संच) फक्त १०० चा, दहाही जागी १००, तुटक रेघ, आत रंग नाही, टिंबाची त्रिज्या शून्य. हीच ती 'पुरेसं'ची मर्यादा. जुन्या कार्डाशी तुलना करायची असेल तर तिसरा टाका, चौथा नको.

मराठी अक्षरांसाठी नोटो सान्स देवनागरी फाइल म्हणून सोबत ठेवा. कॅनव्हासवर (पानातल्या आलेख रंगवायच्या चौकटीवर) अक्षरं एकदाच रंगवली जातात, फॉन्ट उशिरा आला तर आपोआप बदलत नाहीत. आधी फॉन्ट लोड होऊ द्या, मग आलेख बांधा. 'लोकेल' (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) मराठी-भारत दिलं की मोजपट्टीवरचे आकडे देवनागरीत येतात, फक्त तुम्ही स्वतः लिहिलेल्या कॉलबॅकमध्ये ते तुम्हालाच करावं लागतं. नाव निवडलं की पुढचा शेतकरी दिसावा अशी सोय करणार असाल तर दर वेळी नवा आलेख बांधू नका, डेटा बदलून 'अपडेट' म्हणा. नाहीतर कॅनव्हास आधीच वापरात आहे म्हणून अडून बसतं, तेही नेमकं सरपंचांची पाळी आली की.

छापून द्यायचंच आहे. लोक पडदा विसरतात, कागद जपून ठेवतात. झेरॉक्स काळी-पांढरी निघते, म्हणून रंगावर विसंबू नका, रेघांचा प्रकार आणि टिंबांचा आकार वेगळा ठेवा. ॲनिमेशन बंद करा, नाहीतर अर्धवट फुललेलं जाळं छापलं जातं. व्हॉट्सॲपवर पाठवायला चित्र काढाल तर आधी पांढरी पार्श्वभूमी रंगवणारा छोटा प्लगइन लावा. कॅनव्हास पारदर्शक असतो, जेपेगमध्ये ती जागा काळी होते. आमच्या ग्रुपवर एकदा दहा काळी ठिक्कर चित्रं गेली, खाली कोणीतरी लिहिलं, "माती त काळीच हाय भाऊ."

बैठकीच्या आदल्या दिवशी इंटरनेट बंद करून सगळं एकदा उघडून बघा, आपल्या नाही, तिथल्याच लॅपटॉपवर. सहा फुटांवर उभे राहून नावं वाचता येतात का ते बघा. लोडशेडिंगची वेळ विचारून घ्या. मूळ कार्डं पिशवीत असू द्या, "हा आकडा कुठून आनला?" असं कोणीतरी विचारणारच. खडू आणि सुतळीचा तुकडा घ्या. मागच्या वेळी लाइट गेली तेव्हा एका काकूंनी ओट्यावरच गोल काढला, १० आरे मीच सांगितले, आणि जस्ताचं टिंब कुठे द्यायचं ते त्यांनी माझ्याआधी दाखवलं.