आधी प्रोपेलर ठरवा, इंजिन शेवटी

घरी विमान बांधणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा इंजिन पसंत करूनच. "सुबारू मोटारीचं इंजिन स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" मी चिंचवडला गिअरबॉक्सच्या कारखान्यात शिकलो, आता ओहायोत अशा हौशी मंडळींना मदत करतो. माझं सांगणं एकच: आधी प्रोपेलर, मग रिडक्शन ड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करून प्रोपेलर फिरवणारी गिअरची किंवा पट्ट्याची जोडणी), इंजिन शेवटी.

कागद घ्या. प्रोपेलरचा व्यास मीटरमध्ये, गुणिले 3.14, गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले 60. हा पात्याच्या टोकाचा वेग. 1.73 मीटरचा प्रोपेलर इंजिनाच्या 5,800 फेऱ्यांवर थेट, गिअरशिवाय फिरवला तर टोक सेकंदाला 525 मीटर धावेल. आवाजाचा वेग साधारण 340. म्हणजे नुसता गोंगाट, ओढ नाही. रोटॅक्स 912 यूएलएस या विमानाच्या इंजिनात गिअरचं गुणोत्तर 2.43 आहे, त्यामुळे प्रोपेलर 2,390 च्या आसपास फिरतो आणि टोक 216 वर येतं. जबिरू 2200 या इंजिनात गिअर नाहीत. त्याची पूर्ण ताकद 3,300 फेऱ्यांवर मिळते, म्हणून प्रोपेलर आखूड, दीड मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. झेनिथ सीएच 701 सारख्या हळू उडणाऱ्या, छोट्या धावपट्टीवरून उठणाऱ्या विमानाला मोठा, सावकाश फिरणारा प्रोपेलर हवा; तिथे गिअर घ्याच. निमुळत्या, वेगवान विमानाला थेट जोडणी पुरते, आणि बिघडणारी एक गोष्ट कमी होते.

मोटारीच्या इंजिनाला थेट प्रोपेलर लावायचा विचार असेल तर क्रँकशाफ्टकडे, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याकडे बघा. प्रोपेलरची ओढ आणि विमान वळताना येणारा मुरड देणारा भार सोसायला तो घडवलेला नसतो. विमानात लावलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअर मोटारीच्या इंजिनांचे क्रँकशाफ्ट तुटू लागले, तेव्हा लोकांनी प्रोपेलरच्या बाजूला पाचवं बेअरिंग बसवलं. चांगल्या ड्राइव्हमध्ये हा भार त्याच्या स्वतःच्या बेअरिंगवर जातो.

आता खरा शत्रू: पिळाची थरथर, टॉर्शनल व्हायब्रेशन. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोन धक्के देतं. एका टोकाला फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक), दुसऱ्या टोकाला जड प्रोपेलर, मधला शाफ्ट स्प्रिंगसारखा पिळतो. धक्क्यांची लय शाफ्टच्या स्वाभाविक लयीशी जुळली की दात झिजतात, जोडण्या फाटतात, शाफ्ट तुटतो. म्हणून विकणाऱ्याला विचारा: नेमक्या याच इंजिनावर, याच प्रोपेलरबरोबर ही थरथर मोजली आहे का? कोणत्या फेऱ्यांवर ती वाढते? मधे रबर आहे, स्प्रिंग आहे की क्लच? "अजून कोणाची तक्रार नाही" हे उत्तर मी मानत नाही. फ्लायव्हील हलका केला किंवा लाकडी प्रोपेलर काढून धातूचा लावला, तर जुनं मोजमाप संपलं, नव्याने मोजा.

पट्ट्याचा ड्राइव्ह धक्के थोडे पचवतो, पण ताण तपासत राहावा लागतो. दोन साध्या गिअरच्या जोडीत प्रोपेलर इंजिनाच्या उलट फिरतो, पट्ट्यात त्याच दिशेने; मागणी नोंदवण्याआधी हे बघा.

ड्राइव्ह घेतला की चालवायची सवयही बदलावी लागते. सेस्ना 175 मध्ये कॉन्टिनेंटलचं गिअर असलेलं जीओ-300 होतं: इंजिन 3,200 वर, प्रोपेलर 2,400 वर. वैमानिकांना 2,400-2,500 फेरे ऐकायची सवय, म्हणून ते इंजिन दाबून हळू चालवत. गिअर खडखडले, इंजिन बदनाम झालं. मला त्या इंजिनाबद्दल अजून वाईट वाटतं, कारण पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चालवलं असतं तर एवढी बदनामी झाली नसती. रोटॅक्सचंही तसंच आहे: सुरू केल्यावर आधी 2,000 वर तापवायचं, मग 2,500 वर. फार खाली उतरवलं की गिअरबॉक्स कुरकुरतो.

वजन करताना रेडिएटर, पाणी, नळ्या, ड्राइव्ह, बॅटरी सगळं तराजूवर ठेवा आणि गुरुत्वमध्य पुन्हा काढा. स्वस्त सुबारू इथेच महाग पडतं. नाक जड झालं की सुधारायला शेपटीत वजन घालावं लागतं.

अमेरिकेत आणखी एक हिशेब आहे. प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडी असेल तर चाचणी उड्डाणं साधारण 25 तासांची, नसेल तर 40. ते जादा तास ड्राइव्ह तपासण्यासाठी वापरा: सुरुवातीला प्रत्येक उड्डाणानंतर गिअरबॉक्सचा चुंबकी प्लग काढा आणि त्यावर चिकटलेला चुरा पांढऱ्या कापडावर पुसून बघा.