राउटर बदलायचाय? आधी ही तयारी करून ठेवा

जुना राउटर बंद पडत नाही, खरी अडचण तिथेच आहे. कंपनीने अपडेट देणं थांबवलं तरी दिवे लुकलुकत राहतात, नेट चालू राहतं आणि घरात कुणाला काही वेगळं जाणवत नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या सुरक्षेत सापडणारी प्रत्येक नवी फट तशीच उघडी राहते. म्हणून तो बिघडायची वाट पाहू नका. बदलायचा दिवस आपणच ठरवा आणि त्या दिवसाला लागणाऱ्या गोष्टी आधीच जमवा.

सुरुवात राउटर उलटा करण्यापासून. खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत हार्डवेअर व्हर्जन: व्ही ३, व्ही ५ असं काहीतरी. मॉडेल नंबर सगळे बघतात, व्हर्जन मात्र हमखास नजरेतून सुटतं. एकाच नावाच्या दोन राउटरमध्ये व्हर्जन वेगळं असेल तर आतली चिप वेगळी असू शकते, फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) वेगळं असतं आणि सपोर्ट, म्हणजे अपडेट मिळणं, संपायची तारीखही वेगळी असू शकते. स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण काही वर्षांत ती अक्षरं पुसट होतात.

आता कंपनीच्या साइटवर हाच नंबर, हेच व्हर्जन शोधा. 'विक्री बंद' आणि 'सपोर्ट बंद' या दोन वेगळ्या तारखा असतात. आपल्याला दुसरी हवी. ती कुठेच दिली नसेल तर शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते बघा. दोन-तीन वर्षांत एकही अपडेट आलेलं नसेल तर मी तो राउटर संपला असंच धरतो. नेट कंपनीने दिलेला राउटर असेल तर त्यांना फोन करून विचारा आणि सपोर्ट संपला असेल तर बदलून मागा.

ही घाई उगाच नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने सपोर्ट संपलेल्या राउटरबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात लिंकसिसच्या ई१२००, ई२५०० अशा मॉडेलांची नावंच होती. रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटरच्या सेटिंग बदलायची सोय) चालू असलेल्या जुन्या राउटरमध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरत होतं आणि मग त्या घरातलं कनेक्शन गुन्हेगारांना आडोसा म्हणून विकलं जात होतं. म्हणजे गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि माग निघायचा तो आपल्या घराच्या आयपी पत्त्यापर्यंत.

नवा राउटर येईपर्यंतचे दिवसही सांभाळायला हवेत. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नाहीतर स्टिकरवर सापडतो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. रिमोट मॅनेजमेंट, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) आणि यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राउटरमध्ये परस्पर वाट उघडू देणारी सोय) बंद करा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून घरातल्या उपकरणांपर्यंत येणाऱ्या वाटांच्या) यादीत आपण न केलेली नोंद दिसली तर ती काढून टाका.

मग डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) रकाना नीट बघा, त्याची मला विशेष काळजी वाटते. माझ्या मावशीकडे प्रत्येक फोनवर भलत्याच जाहिराती उघडत होत्या. आम्ही दोन दिवस फोन तपासत बसलो, अ‍ॅप काढली, फोन रीसेट केले. शेवटी राउटरचं पान उघडलं तर डीएनएसमध्ये कुणीतरी हाताने भरलेले दोन अनोळखी पत्ते होते. घरातली प्रत्येक साइट त्या अनोळखी सर्व्हरला रस्ता विचारून उघडत होती. असे पत्ते दिसले तर राउटर फॅक्टरी रीसेट करा आणि बदलायचा दिवस आणखी अलीकडे आणा. नुसत्या रीस्टार्टवर विसंबू नका. काही मालवेअर फक्त मेमरीत राहतं आणि रीस्टार्टने जातं, पण ज्या फटीतून ते आलं ती तशीच राहते.

नवा घेताना वेग आणि अँटेना यांच्या आधी एक प्रश्न विचारा: सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जाहीर करणं उत्पादकांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर ती आता सापडते. आपोआप अपडेट होण्याची सोय आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) असायलाच हवं. स्वस्तात मिळतंय म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी बाजारात आलेलं मॉडेल घेऊ नका, त्याचं बरंचसं आयुष्य दुकानातच सरलेलं असतं.

नेटसाठी लागणारी माहिती नेट चालू असतानाच मिळवा. कनेक्शन पीपीपीओई (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरून चालणारं) असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड नेट कंपनीकडून मागून घ्या. व्हीएलएएन आयडी (राउटरमध्ये भरायचा जोडणीचा क्रमांक) लागतो का, आणि त्यांच्याकडे जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदवलेला आहे का, हेही त्याच फोनवर विचारा. सगळं कागदावर लिहा. त्याच कागदावर घरातली वायफायवर चालणारी उपकरणंही मांडा: टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे, स्मार्ट प्लग. वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवला तर सगळं आपोआप जोडलं जातं, हे खरं आहे. तरीही मी पासवर्ड नवा ठेवा म्हणेन. जुना किती जणांना सांगितलाय ते आपल्यालाच आठवत नसतं, आणि राउटरमध्ये कुणी शिरलं असेल तर त्याच्याकडेही तो आहे. यादी हाताशी असली की जोडणी तासाभरात उरकते.

बसवताना लॅपटॉप केबलने जोडा. आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, मग फर्मवेअर अपडेट करा, घरातले फोन त्यानंतर. कॅमेरे आणि प्लग गेस्ट नेटवर्कवर (मुख्य वायफायपासून वेगळ्या ठेवलेल्या वायफायवर) टाका. जुन्या राउटरच्या सेटिंगचा बॅकअप नव्यात चढवू नका, सगळं हाताने भरा.

जुना राउटर आतल्या खोलीत रेंज वाढवायला लावायचा मोह होतो. लावू नका, त्या फटी त्याच्यासोबत आतल्या खोलीतही येतात. मागचं रीसेटचं बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद, दिवे बदलेपर्यंत दाबून धरा, म्हणजे साठवलेले पासवर्ड पुसले जातील. मग कुणाला वापरायला न देता तो ई-कचऱ्यात द्या. नव्या राउटरच्या सपोर्टची शेवटची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि आठवण त्याच्या तीन महिने आधीची लावा.