कामाचे समाजशास्त्र: अध्यापन आणि संशोधनाची वाट कशी धरावी

काम आणि संघटना यांचा समाजशास्त्रीय अभ्यास करून प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्याने अभ्यासक्षेत्रासाठी दूर जाण्याची घाई करू नये. सातपूर-अंबडचे कारखाने, नाशिकरोडचे नोटांचे मुद्रणालय, लासलगावचा कांदा बाजार, सिन्नरच्या विडी कामगारांची घरे, असे कामाच्या व्यवस्थेचे कितीतरी प्रकार एकाच जिल्ह्यात आहेत. त्यांपैकी एक ठिकाण निवडावे आणि तिथे वर्षानुवर्षे परत जात राहावे. माझ्या मते या विषयातली कारकीर्द यावरच उभी राहते.

सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेच्या अटी सर्वांना ठाऊक असतात: एम.ए.ला किमान 55 टक्के गुण आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), सेट (राज्याची पात्रता परीक्षा) किंवा नियमानुसार पीएच.डी. सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पुढे सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. लागतेच. तासिका तत्त्वावर शिकवण्याची वर्षे अनेकांच्या वाट्याला येतात आणि ती जड जातात, पण त्या काळात क्षेत्रकार्य, म्हणजे निवडलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन करायचा अभ्यास, मात्र थांबवू नये.

क्षेत्रात शिरताना पहिले पाऊल जपून टाकावे. मी प्रथम एका कारखान्यात अधिकाऱ्याबरोबर गेलो आणि महिनाभर सगळ्यांकडून एकसारखीच उत्तरे ऐकली, कारण कामगारांच्या लेखी मी कंपनीचा माणूस होतो. नंतर पाळी सुटण्याच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसू लागलो, तेव्हा बोलणे सुरू झाले. ‘कुठे कामाला आहात?’ या प्रश्नावर कायम कामगार कंपनीचे नाव सांगत असे. शेजारच्याच यंत्रावर तेच काम करणारा कंत्राटी कामगार ठेकेदाराचे नाव घेत असे. संघटनेची खरी सीमा कुठून जाते, हे मला त्या दोन उत्तरांतून कळले.

बाजार समितीत अभ्यास करायचा असेल, तर मुलाखतींच्या आधी शेतकऱ्याची हिशोबपट्टी हातात घ्यावी. हमाली, तोलाई, वाराई ही नावे कशासाठी आहेत, ती रक्कम कोणाकडून कापली जाते आणि कोणाला मिळते, हे विचारत गेले की हमालांची टोळी, मुकादम, आडते आणि व्यापारी यांचे संबंध उलगडू लागतात. त्यासोबत 1969 चा माथाडी कायदा मुळातून वाचावा.

एकाच ठिकाणी परत जाण्याने काय साधते, याचे उदाहरण समाजशास्त्रज्ञ मायकेल बुरावॉय यांचे आहे. त्यांनी 1974 मध्ये शिकागो परिसरातल्या एका कारखान्यात यंत्रचालक म्हणून नोकरी धरली. त्याआधी सुमारे तीस वर्षांपूर्वी डोनाल्ड रॉय या समाजशास्त्रज्ञाने त्याच कारखान्यात काम करता करता निरीक्षणे नोंदवली होती, हे बुरावॉय यांना नंतर कळले. त्यामुळे मधल्या काळात काय बदलले आणि काय टिकले, याची तुलना त्यांना करता आली. आपण तर ही तुलना ठरवून करू शकतो. पीएच.डी.साठी निवडलेल्या ठिकाणी दर चार-पाच वर्षांनी पुन्हा जावे, ठेका बदलला का, पाळ्या बदलल्या का, जुनी माणसे कुठे गेली, हे पाहावे. पदोन्नतीसाठी लागणारे शोधनिबंध त्यातूनच निघतात आणि ते नुसती भरती ठरत नाहीत.

टिपणे त्याच रात्री, बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावीत. ‘खाडा पडला’ आणि ‘सुट्टी घेतली’ यांत मजुरीचा फरक आहे, आणि घाईने केलेल्या इंग्रजी भाषांतरात तो हरवतो. नावे मात्र वेगळ्या वहीत ठेवावीत आणि ती वही घराबाहेर नेऊ नये. ओळखू येईल असे एक वाक्य छापले गेले, तरी कंत्राटी कामगाराची हजेरी दुसऱ्या दिवशी बंद होऊ शकते.